इन-स्टेट फी आणि कॅलिफोर्नियाचे ३६६ दिवस: मोजणी कुठून सुरू होते?

रानजाई | २० एप्रिल २०२५, रात्री ११:४०

इन-स्टेट फी, म्हणजे सरकारी विद्यापीठात राज्याच्या रहिवाशांना लागणारी कमी फी, कधी मिळते यावर जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. १ मे, म्हणजे कॉलेजला होकार कळवायची शेवटची तारीख, डोक्यावर आलाय आणि घरात दुसरा विषय नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, अकरा वर्षं न्यू जर्सीत. नवऱ्याला बे एरियात नोकरी लागली, तो जून २०२४ मध्ये पुढे आला. एडिसनच्या घराचं लीज ३१ ऑगस्टपर्यंत होतं, म्हणून मी आणि लेक मागे राहिलो. हरतालिकेच्या दिवशी, म्हणजे ६ सप्टेंबरला, इथे उतरलो. (निर्जळी उपास आणि सहा तासांचं विमान. असो.) सोमवारी ९ तारखेला लेकीचं नाव इथल्या हायस्कूलमध्ये घातलं. आता ती बारावी संपवतेय, मार्चमध्ये अठरा पूर्ण झाली. नवरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), आम्ही दोघी एच-४ (त्याच्यावर अवलंबून कुटुंबाचा).

तिला यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, दोन कॅम्पसवर प्रवेश मिळालाय. एक सेमिस्टरवाला, एक क्वार्टरवाला. दोन्हीकडच्या खर्चाच्या अंदाजात 'नॉन-रेसिडेंट' धरलंय. नॉन-रेसिडेंटची जादा फी या वर्षी येणाऱ्यांना ३७,६०२ डॉलर, तीही मूळ ट्यूशन सोडून! बघून नवऱ्याने लॅपटॉपच मिटला.

तो म्हणतो, मी जूनपासून इथे टॅक्स भरतोय, म्हणजे आपण रेसिडेंट. मला तसं वाटत नाही. कुणाचं बरोबर?

---

एडिसनकर | २० एप्रिल, ११:५८

तुमचं. बायकांचंच असतं.

न्यू जर्सी सोडलीत ना? भोगा आता.

---

पाटीलबुवा_फ्रीमाँट | २१ एप्रिल, सकाळी ७:१५

रानजाई, दोन्ही मुलं यूसीतून काढली आहेत, त्यामुळे या फॉर्मांशी माझं जुनं वैर आहे. सविस्तर लिहितो.

आधी धीर धरा. अंदाजपत्रकात दिसतंय ते तात्पुरतं आहे. अर्जात न्यू जर्सीची शाळा दिसली की नॉन-रेसिडेंट धरून मोकळे होतात. खरा निर्णय 'स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स' भरल्यावर होतो. त्याला सगळे एसएलआर म्हणतात. तो प्रवेश स्वीकारल्यानंतर भरायचा असतो. म्हणजे १ मेला तुम्हाला नक्की आकडा माहीत नसतानाच होकार द्यायचाय. वैताग आहे, पण तसंच आहे.

आता दिवस. नियम असा की 'रेसिडेन्स डिटरमिनेशन डेट'च्या लगेच आधी सलग ३६६ दिवस तुम्ही कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष राहिलेले हवेत, आणि इथेच कायम राहायचा इरादा हवा. दोन्ही पाय लागतात. नुसते दिवस भरून चालत नाही, नुसता इरादाही नाही.

आणि गंमत इथे आहे. ही तारीख दोन पद्धतींच्या कॅम्पसना वेगळी असते. सेमिस्टरवाल्या ठिकाणी (बर्कली आणि मर्सेड) सेमिस्टरचे वर्ग सुरू होतात तो दिवस, म्हणजे ऑगस्टची अखेर. क्वार्टरवाल्या कॅम्पसमध्ये सर्वांत शेवटी जो उघडतो त्याचा पहिला दिवस, म्हणजे सप्टेंबरची अखेर.

तुम्ही ६ सप्टेंबरला आलात. बोटं मोजा.

---

रानजाई | २१ एप्रिल, ८:०२

अरे देवा. म्हणजे क्वार्टरवाल्याकडे बसतो आणि सेमिस्टरवाल्याकडे दहा-बारा दिवसांनी हुकतो?? नवरा जूनपासून आहे त्याचं काहीच नाही का?

---

हौशी_गवई | २१ एप्रिल, ८:१०

तिथीने मोजा. यंदा हरतालिका २६ ऑगस्टलाच आहे. वर्ष पूर्ण! एसएलआरला कालनिर्णयचं पान जोडा.

---

पाटीलबुवा_फ्रीमाँट | २१ एप्रिल, ८:३०

गवई, हसून चहा सांडला.

रानजाई, नवऱ्याचं वर्ष उपयोगी आहेच, पण वेगळ्या कारणासाठी. विद्यार्थी चोविसाच्या आतला आणि अविवाहित असेल, तर आई-बापांपैकी किमान एक जण कॅलिफोर्नियाचा रेसिडेंट असावा लागतो. नसेल तर मुलगी स्वतःच्या पैशावर जगते हे सिद्ध करत बसावं लागतं, आणि बारावीतून निघालेल्या पोरीला ते कसं जमणार? ती अट तुमच्या नवऱ्यामुळे सुटली. पण लेक आता सज्ञान आहे, म्हणून तिचे स्वतःचे दिवसही हवेत. जूनमध्ये ती एडिसनलाच होती.

सेमिस्टरवालं घेतलंत तरी सगळं संपत नाही. फॉलला, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला नॉन-रेसिडेंट, पण स्प्रिंगच्या, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरच्या तारखेपर्यंत ३६६ दिवस होऊन जातात. तेव्हा पुनर्वर्गीकरणाची पिटिशन करता येते. जादा फी अर्ध्या वर्षाची, म्हणजे १८,८०१. मात्र पिटिशन तुम्हीच करायची असते, आपोआप काही बदलत नाही. एकदा नॉन-रेसिडेंटचा शिक्का बसला की मागितल्याशिवाय पुसला जात नाही. आणि तिला शेवटची तारीख असते. माझ्या ओळखीचे एक जण सहा महिने 'होईल आपोआप' म्हणून बसले होते.

---

संत्री | २१ एप्रिल, ९:४४

कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल केलं की इन-स्टेट मिळते ना? एबी ५४० की काय ते.

---

पाटीलबुवा_फ्रीमाँट | २१ एप्रिल, १०:०५

२००१चा कायदा, हो. तीन वर्षं. यांच्या लेकीचं एकच झालंय, तेव्हा इथे तो विषय नाही.

---

एडिसनकर | २१ एप्रिल, १२:२०

इरादा दाखवायचा सोपा उपाय: मतदार नोंदणी करून टाका. प्रत्येक कॉलेजच्या यादीत ते असतं. पाच मिनिटांचं काम.

---

वकिलीण | २१ एप्रिल, १२:२६

थांबा!! असं काहीही करू नका.

एडिसनकर, तुम्ही नागरिक असाल. हे एच-१बी आणि एच-४ वर आहेत. नागरिक नसलेल्याने मतदार म्हणून नाव नोंदवणं म्हणजे आपण अमेरिकन नागरिक आहोत असा खोटा दावा करणं. त्याने पुढे ग्रीन कार्डचं दार कायमचं बंद होऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांनाही हे लागू आहे. "मला माहीत नव्हतं" याचा फार उपयोग होत नाही. डीएमव्हीत लायसन्सचा अर्ज भरताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईत भलत्याच चौकटीत खूण करू नका. मुलांना हे आधी सांगून ठेवा. अठरा झालेली पोरं टॅब्लेटवर टकाटक बटणं दाबत पुढे जातात.

कॉलेजच्या यादीत मतदार कार्ड असतं ते नागरिकांसाठी. इतरांकडून त्याची अपेक्षा नसते.

---

एडिसनकर | २१ एप्रिल, १२:४१

चूक मान्य. वरचा सल्ला कुणीही पाळू नये. उडवता येत असेल तर उडवा.

---

वकिलीण | २१ एप्रिल, १२:५०

राहू द्या, खालचं उत्तर वाचून तरी लोक शहाणे होतील.

रानजाई, आता तुमच्यासाठी. व्हिसा कोणता याला फार महत्त्व आहे. एच-१बी आणि एच-४ वर राहून कॅलिफोर्नियाची रेसिडेन्सी मिळवता येते. एफ-१ (विद्यार्थी), जे-१ (एक्स्चेंज), बी-२ (पर्यटक) वर येत नाही, कारण त्या व्हिशांची अटच 'परत जाणार' अशी आहे. मग 'इथेच राहणार' हा इरादा कुठून आणणार?

टॅक्सचं काय केलंत? २०२४ चं रिटर्न पार्ट-इयर, म्हणजे वर्षाचा काही भागच त्या राज्यात होतो असं, भरलंय ना?

---

रानजाई | २१ एप्रिल, रात्री ९:१५

हो, सीएने दोन्हीकडे पार्ट-इयर भरलं. कॅलिफोर्नियाचा ५४०एनआर आणि जर्सीचा वेगळा. पण सांगायला लाज वाटते, माझं लायसन्स अजून जर्सीचंच आहे. नवऱ्याने त्याचं लगेच बदललं. गाडी त्याच्याच नावावर आहे, तिची पाटी ऑक्टोबरमध्ये बदलली. लेकीला लायसन्सच नाही. मी "करू करू" म्हणत राहिले.

---

पाटीलबुवा_फ्रीमाँट | २१ एप्रिल, ९:४०

कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर लायसन्स १० दिवसांत आणि गाडीची नोंदणी २० दिवसांत करायची असते. तुम्ही सात महिने काढलेत! उद्याच जा. ७ मेपासून विमानाला रिअल आयडी लागणार म्हणून डीएमव्हीत आधीच जत्रा आहे, अपॉइंटमेंट घेऊन जा. तारीख मागची मिळणार नाही, पण जूनमध्ये कुणी विचारलं तर 'अजून जर्सीचंच' म्हणण्यापेक्षा बरं. लेकीचं कॅलिफोर्निया आयडीही त्याच फेरीत काढा.

आणि तुमच्या लायसन्सपेक्षा लेकीचा कागद मोठा आहे: शाळेचा प्रवेश. ९ सप्टेंबरला पोरगी वर्गात बसली हे शाळा लिहून देते. ६ ते ९ साठी विमानाचा बोर्डिंग पास असेल तर काढून ठेवा.

---

वकिलीण | २१ एप्रिल, १०:०२

अजून एक. तुम्ही तिघांनी एआर-११ भरला होता ना? पत्ता बदलल्याचं यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, १० दिवसांत कळवायचं असतं. बहुतेक लोक विसरतात. भरला असेल तर सरकारी तारखेसकट पुरावा हातात आहे.

---

रानजाई | २१ एप्रिल, १०:२०

नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलांनी भरायला लावला होता. ११ सप्टेंबरची पोचपावती सापडली ईमेलमध्ये!! तेव्हा मी किती कटकट केली होती त्या वकीलबाईंच्या नावाने.

---

विदर्भकन्या | २२ एप्रिल, दुपारी १:३०

वाचतेय. टेक्सासचं सांगते, इथे डॅलसला खूप मराठी आहेत, कुणाला उपयोग होईल.

इथे बारा महिने लागतात, सेन्सस डेटच्या (सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थी मोजतात त्या तारखेच्या) आधीचे. शिवाय टेक्सासशी मुळं जोडलेली दिसावी लागतात. नोकरी, घर, धंदा, किंवा इथल्या रहिवाशाशी लग्न, यातलं काहीतरी. आई-बापांचं दाखवलं की मुलाचं होतं. एच-४ चालतं. दुसरी वाट म्हणजे हायस्कूल इथून पूर्ण, त्याच्या आधीचे ३६ महिने टेक्सासात, आणि कॉलेजच्या आधीचे १२.

आमचा मोठा दुसऱ्या वाटेने गेला. बाकीचे प्रश्न सोपे होते, पण एका चौकटीत अडकलो: 'गेल्या १२ महिन्यांत राज्याबाहेर होतात का, का?' आम्ही दोन महिने नागपूरला होतो, सासऱ्यांची बायपास होती. घाबरून मी तीन पानी पत्र लिहिलं, सगळे मेडिकल रिपोर्ट जोडले. फोनवरची बाई म्हणाली, मॅडम, इतकं नको, सुट्टीला गेला होता एवढंच लिहा.

---

रानजाई | २२ एप्रिल, २:१०

बरं झालं आठवण केलीत. आम्ही डिसेंबरमध्ये तीन आठवडे साताऱ्याला होतो. त्याने 'सलग' तुटतं का?

---

पाटीलबुवा_फ्रीमाँट | २२ एप्रिल, ५:४५

नाही हो. घर इथे, भाडं चालू, शाळा चालू, जायचं-यायचं तिकीट. तात्पुरतं बाहेर जाणं वेगळं आणि राहायला जाणं वेगळं. त्रास होतो तो ज्यांचे आई-बाप दुसऱ्या राज्यात आणि पोर उन्हाळाभर तिकडे जाऊन बसतं त्यांना. तुम्ही साताऱ्याला लग्नाला गेला होतात, निवडणूक लढवायला नाही.

---

काकाश्री | २३ एप्रिल, सकाळी ६:२०

व्हर्जिनियातून लिहितोय. दर वर्षी कुणी ना कुणी मला फोन करतं: "काका, मुलाला बारावीला तुमच्याकडे ठेवतो, तुम्ही पालक म्हणून सही करा, इन-स्टेट होईल." पुतण्या आहे, मेव्हणीचा मुलगा आहे. मराठी माणूस मामाकडे शिकायला राहायचा, त्या सवयीने विचारतात, वाईट हेतू नसतो.

चालत नाही. मुलाचं डोमिसाइल आई-बापांचं धरतात. कोर्टाकडून पालकत्व काढलं तरी, ते मुख्यतः फीसाठी काढलंय असं दिसलं तर मोजत नाहीत. हे आमच्या राज्याच्या कायद्यातच आहे. आणि इथे पुरावाही 'क्लिअर अँड कन्व्हिन्सिंग' लागतो. पारडं थोडं तुमच्या बाजूला झुकलं एवढ्याने भागत नाही.

भाड्याने देण्यासाठी कॉन्डो घेऊन ठेवणारेही भेटलेत. घर आहे, राहत नाहीत. त्याचाही उपयोग नाही. एकाला मी सांगून दमलो, त्याने तरी घेतला. आता चांगलं भाडं येतंय म्हणा.

---

शार्लटवासी | २३ एप्रिल, ९:००

नॉर्थ कॅरोलायनात हे सगळं एका खिडकीवर असतं. आरडीएस म्हणून राज्याची यंत्रणा आहे, तिथे एकदा अर्ज केला की रेसिडेन्सीचा क्रमांक मिळतो, तोच सगळ्या सरकारी कॉलेजांना चालतो. आपल्याकडचं डोमिसाइल सर्टिफिकेट आठवलं. सेतूत जा, पंधरा वर्षांचे पुरावे द्या, तहसीलदाराची सही, मग सीईटीला ते निमूटपणे चालतं.

---

संत्री | २३ एप्रिल, ९:३५

निमूटपणे?? माझ्या भावाला विचारा. बदल्यांमुळे दहावी मध्यप्रदेशात झाली, बारावी नागपुरात. डोमिसाइल हातात असून मेडिकलच्या ८५ टक्क्यांच्या कोट्यातून बाहेर, कारण दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी.

---

हौशी_गवई | २३ एप्रिल, ९:४०

तहसीलदार इरादा तरी विचारत नाही.

---

वकिलीण | २३ एप्रिल, दुपारी ३:१५

थोडं अवांतर, आवडीचा विषय आहे म्हणून. वर्षभर थांबायला लावणं घटनाबाह्य आहे असं म्हणत मिनेसोटाचे विद्यार्थी कोर्टात गेले होते, १९७१ मध्ये हरले. म्हणून एक वर्षाचा नियम देशभर टिकून आहे. पण १९७३ मध्ये कनेक्टिकटचा नियम सुप्रीम कोर्टाने उडवला. तिथे अर्ज करताना पत्ता बाहेरचा असेल तर शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असं होतं. क्लाइन नावाची विद्यार्थिनी कॅलिफोर्नियातून लग्न करून तिकडे गेली, लायसन्स, गाडी, मतदान सगळं कनेक्टिकटचं, तरी बाहेरची फी. कोर्ट म्हणालं, खरंच रहिवासी झाली आहे हे सिद्ध करायची संधी तरी द्या. तुमच्या स्प्रिंगच्या पिटिशनची ही आजी.

आणि १९८२ चा मेरीलँडचा खटला आपल्या लोकांच्या जवळचा. जी-४ वाल्यांच्या, म्हणजे वर्ल्ड बँकेसारख्या संस्थांत काम करणाऱ्यांच्या मुलांना विद्यापीठ इन-स्टेट देत नव्हतं. विद्यापीठ हरलं. व्हिसावर आहात म्हणून रहिवासी होऊच शकत नाही, असं सरसकट म्हणणं तेव्हापासून अवघड झालं.

---

विदर्भकन्या | ७ जून, रात्री १०:५०

धागा वर काढतेय, घाबरले आहे. टेक्सासचा इमिग्रंट मुलांना इन-स्टेट देणारा २००१ चा कायदा या ४ तारखेला कोर्टाने बंद केला म्हणे. धाकटा पुढच्या वर्षी जाणार आहे. आमचं एच-४ अजून तसंच, ग्रीन कार्डचा नंबर कधी लागेल देव जाणे. व्हॉट्सॲपवर सगळे म्हणताहेत इमिग्रंटची इन-स्टेट गेली.

---

वकिलीण | ७ जून, ११:२०

व्हॉट्सॲप बंद करा. तो आदेश कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांसाठी आहे. त्या मुलांचं फार वाईट झालंय, लहानपणापासून इथे वाढलेली आहेत. पण वैध एच-४ वर असलेला तुमचा धाकटा त्यात येत नाही. आय-९४ ची (वास्तव्याच्या नोंदीची) मुदत तपासा, वाढवलेला आय-७९७ (मंजुरीचा कागद) जपून ठेवा. आता कॉलेजं वैध वास्तव्याचा कागद आधीपेक्षा बारकाईने बघतील असं धरून चाला.

तुमची खरी काळजी वेगळी असायला हवी: एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी एच-४ संपतं. तोवर ग्रीन कार्डचं काही झालं नाही तर बहुतेक मुलं एफ-१ वर जातात. तेव्हा इन-स्टेटचं काय होणार हे कॉलेजला लेखी विचारून ठेवा. राज्या-राज्यांत उत्तर वेगळं आहे. रानजाई, तुम्हीही. तुमची लेक तिसऱ्या वर्षाला असेल तेव्हा.

---

रानजाई | ८ जून, सकाळी ७:००

त्या तारखेचा विचार मी रोज करते हो. इथे लिहिलं नव्हतं.

---

एडिसनकर | ८ जून, ७:३०

ज्यांना राज्यच बदलायचं नाही त्यांच्यासाठी: पश्चिमेकडच्या राज्यांत डब्ल्यूयूई आहे, शेजारच्या राज्यातल्या मुलाला इन-स्टेटच्या दीडपट फीच्या आत घेतात. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनचा आपसात करार आहे. सगळ्या कॉलेजांत नसतं, सगळ्या विषयांना नसतं, पण विचारायला काय जातं? (या वेळी तपासून लिहिलंय.)

---

रानजाई | १४ सप्टेंबर, रात्री १०:०५

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं.

लेकीने क्वार्टरवालं घेतलं. मला वाटलं फीमुळे मन मारलं, तर म्हणाली, "आई, तिकडे मला हवा तो विषय पहिल्या वर्षापासून मिळतो, आणि समुद्र आहे." तिच्या यादीत १८,८०१ चा आकडाच नव्हता. आमच्या मात्र रात्री गेल्या.

एसएलआर जूनमध्ये भरला. दोन आठवड्यांनी आणखी कागद मागवले: माझं लायसन्स एप्रिलचं का, आणि जून ते सप्टेंबर मी कुठे होते. खरं तेच लिहिलं. एडिसनचं लीज, ते संपल्याचं पत्र, सामानाच्या ट्रकचं बिल, शाळेचं ९ सप्टेंबरचं पत्र, एआर-११, दोन्ही राज्यांचे पार्ट-इयर रिटर्न. बोर्डिंग पास मिळाला नाही, पण एअरलाइनच्या ॲपमध्ये जुना प्रवास दिसत होता, त्याचा स्क्रीनशॉट चालला. एका पानावर नुसत्या तारखा ओळीने लिहून वर लावल्या. पाटीलबुवा, ही तुमची विपूतली (माझ्या पानावरच्या निरोपातली) युक्ती.

जुलैअखेर 'रेसिडेंट' आलं. ऑगस्टच्या बिलातून ती ओळ गायब झाली. नवऱ्याने बिल तीनदा उघडून बघितलं.

पुढच्या शनिवारी तिला सोडायला जायचंय. कुकर द्यावा का न द्यावा यावर वेगळा धागा काढते.

---

हौशी_गवई | १४ सप्टेंबर, १०:११

डॉर्ममध्ये कुकर चालत नाही. इरादा चालतो.

---

नवा_सिएटलकर | १५ सप्टेंबर, सकाळी ८:४५

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. आम्ही १९ ऑगस्टला सिएटलहून सॅन होजेला आलो, मुलगा बारावीत. पुढच्या फॉलला सेमिस्टरवाल्या कॅम्पससाठी चालेल ना? बायकोचं लायसन्स अजून वॉशिंग्टनचं आहे.

---

पाटीलबुवा_फ्रीमाँट | १५ सप्टेंबर, ८:५२

दिवस बसतील, थोडक्यात. ते लायसन्स आजच्या आज.